शेणाचा दगड

दिवाळीच्या सुट्टीत नातू पनवेलला आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. माझ्या टेबलाजवळ बसून मोबाईल बघता बघता त्यानं कागदांवर ठेवलेला दगड उचलला. बटाट्याएवढा, तपकिरी, एका बाजूनं जरा चपटा.

"आबा, हा कसला दगड?"

"शेणाचा."

तो हसला. म्हणाला, "शेणाचा दगड कसा असेल?" मी म्हटलं, "गाईचं शेण नाही रे, डायनोसॉरचं. साडेसहा कोटी वर्षांत दगड झाला त्याचा." झालं! त्याचा चेहराच बदलला. पाच मिनिटांत त्यानं मोबाईलवर शोधून मला दाखवलं की असले दगड परदेशात सर्रास विकले जातात, घासून गुळगुळीत करून, खाली लाकडी बैठक लावून. "आबा, तुम्ही एवढी वर्षं ह्याच्याखाली लाईटबिलं ठेवलीत?"

आमची ही आतून म्हणाली, "विकून टाका एकदाचा. पुसायला एक वस्तू कमी."

विनोद तिथंच संपला, पण माझ्या डोक्यातून तो विषय जाईना. हा दगड विकावा का? विकायला तो माझा आहे का? आणि मुळात असल्या वस्तूंची खरेदी-विक्री व्हावी का? जगभर ह्यावर मोठा वाद चालू आहे, हे मला पेपरात अधूनमधून वाचून ठाऊक होतं. आता तो वाद माझ्या टेबलावर येऊन बसला होता. शिक्षकाची खोड, विषय डोक्यात आला की चार पुस्तकं काढल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हे टिपण.

आधी दगड माझ्याकडे कसा आला ते सांगतो. १९८६ सालची गोष्ट. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला वरोऱ्याकडचे एक शिक्षक होते. दिवाळीला गावी गेले की येताना काहीतरी घेऊन यायचे, कधी संत्री, कधी मोहाची फुलं. त्या वर्षी दोन दगड घेऊन आले. एक प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आणि दुसरा स्टाफरूममध्ये माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "सर, तुमचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो. हा घ्या त्याच्या थोडा आधीचा." त्यांनी दगडाला खाली डिंकानं एक चिठ्ठी चिकटवली होती. गावाचं नाव, कोणत्या नाल्याच्या काठी, कुणाच्या शेताच्या बांधाला, तारीख, सगळं बारीक अक्षरात. मला तेव्हा त्या चिठ्ठीची गंमत वाटली होती. एका दगडाचा एवढा पत्ता कशाला?

प्रयोगशाळेतला दगड पुढं इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा डेब्रिजबरोबर गेला. कुणी मुद्दाम टाकला नाही. दगडासारखा दगड, गवंड्याला काय कळणार? माझा मात्र राहिला. पण २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं, त्यात चिठ्ठी गेली. दगडाला पुराचं काय! पाणी ओसरल्यावर चिखलातून काढून धुतला, पुन्हा टेबलावर ठेवला. चिठ्ठीचं वाईट वाटल्याचं मला आठवतही नाही. त्या दिवसांत रडायला दुसरी पुष्कळ कारणं होती. ते विज्ञानशिक्षक आता हयात नाहीत. गावाचं नाव तेवढं माझ्या लक्षात आहे: पिसदुरा.

पिसदुरा हे चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातलं लहानसं गाव. पण भूगर्भशास्त्राच्या जगात ह्या गावाचं नाव शंभर-दीडशे वर्षं घेतलं जातंय. रिचर्ड लायडेकर ह्या इंग्रज संशोधकानं १८७९ साली इथल्या हाडांवरून एका डायनोसॉरला नाव दिलं. १९३९ साली मॅटले नावाच्या संशोधकानं इथल्या अश्मीभूत विष्ठेवर स्वतंत्र लेखच लिहिला. शास्त्रीय भाषेत ह्या विष्ठेला कोप्रोलाइट म्हणतात. गावकरी शेत नांगरताना हे गोल गोल दगड बाजूला फेकत आले असतील.

आणि मग २००५ साल. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात 'सायन्स' ह्या नियतकालिकात वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी ह्यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी पिसदुऱ्याच्या ह्या शेणाच्या दगडांचा अभ्यास केला आणि त्यांना त्यात गवत सापडलं. प्रत्यक्ष गवत नव्हे, गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण. भातलावणी केलेल्या किंवा ऊस तोडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पातीनं हात कापतो तो ह्या सिलिकामुळंच. पान कुजतं, पचतं, पण हे कण तसेच राहतात. कोट्यवधी वर्षं राहतात.

तोवर समज असा होता की गवत पृथ्वीवर पसरलं ते डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर. चित्रांतसुद्धा डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढायचं नाही, असा दंडक होता. पिसदुऱ्याच्या शेणानं तो समज मोडला. डायनोसॉर होते तेव्हा गवत होतं, निदान पाच प्रकारचं होतं, आणि त्यात आपल्या भाताच्या आणि बांबूच्या कुळातलेही प्रकार होते. विदर्भातल्या एका शेताच्या बांधावरच्या दगडानं जगाचं पाठ्यपुस्तक बदललं!

आता योगायोग पाहा. जुलै २००५ मध्ये माझ्या दगडाची चिठ्ठी वाहून गेली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये त्याच गावच्या दगडांनी हा शोध लावून दिला. माझा दगड त्या संशोधकांपुढं नेऊन ठेवला असता तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? "कुठं सापडला? कोणत्या थरात?" आणि मी काय सांगणार होतो?

ह्या वादाचं मर्म मला इथंच दिसतं. पण आधी बाजाराकडं वळू.

१९९० साली अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात टिरॅनोसॉरस रेक्स जातीच्या डायनोसॉरचा एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. सू हेंड्रिक्सन नावाच्या बाईंना तो दिसला म्हणून त्याचं नाव पडलं 'सू'. जीवाश्मांचा व्यापार करणाऱ्या एका संस्थेनं जमिनीच्या मालकाला पाच हजार डॉलर देऊन तो काढून नेला. जमीनमालक तिथला मूळ रहिवासी, त्याची जमीन सरकारच्या विश्वस्तपणाखाली. १९९२ साली एफबीआयनं सांगाडा जप्त केला. खटला चालला आणि निकाल जमीनमालकाच्या बाजूनं लागला. शेवटी ४ ऑक्टोबर १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला. शिकागोच्या फील्ड म्युझियमनं मोठमोठ्या कंपन्यांची मदत घेऊन तो सुमारे ८३ लाख ६० हजार डॉलरला घेतला. सू संग्रहालयात गेली, पण तेव्हापासून हाडांना भाव आला तो आलाच.

ऑक्टोबर २०२० मध्ये 'स्टॅन' नावाचा दुसरा टिरॅनोसॉरस ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला. जुलै २०२४ मध्ये 'एपेक्स' नावाचा स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाख डॉलरला विकला गेला. लिलावाआधी त्याचा अंदाज होता ४० ते ६० लाखांचा! घेणारे गृहस्थ अमेरिकेतले एक धनाढ्य गुंतवणूकदार. त्यांनी तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला काही वर्षांसाठी पाहायला दिला हे चांगलंच केलं, पण दिला म्हणजे उसना दिला. २०२५ साली थॉमस कार ह्या संशोधकानं टिरॅनोसॉरसच्या उपयुक्त नमुन्यांची मोजदाद केली, तेव्हा सार्वजनिक संस्थांमध्ये ६१ आणि खासगी किंवा व्यापारी हातांत ७१ निघाले. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध प्राण्याची निम्म्याहून जास्त हाडं कुलुपात.

कुलुपात असली म्हणून काय बिघडलं, असं कुणी विचारेल. आर्किओप्टेरिक्सची गोष्ट ऐका. पंखवाला, दातवाला हा प्राणी म्हणजे सरपटणारे प्राणी आणि पक्षी ह्यांच्यामधला दुवा. जर्मनीत त्याचे मोजकेच नमुने मिळाले आहेत. त्यातला एक १९५६ साली सापडला, १९५९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. मालक एदुआर्द ओपित्श. त्यांनी तो काही वर्षं संग्रहालयात ठेवू दिला, १९७४ साली परत घरी नेला आणि नंतर कुणालाच पाहू दिला नाही. १९९१ साली ते वारले. घर शोधलं तर नमुना नाही! आजतागायत मिळालेला नाही. मागं उरले आहेत त्याचे फोटो आणि साचे.

म्हणूनच पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना अशा लिलावांना विरोध करते आणि खासगी मालकीच्या नमुन्यांवरचे लेख आपल्या नियतकालिकात घेत नाही. त्यांचं म्हणणं सोपं आहे. शास्त्रात एकानं सांगितलेलं दुसऱ्याला पुन्हा तपासता आलं पाहिजे. मालकानं दार लावून घेतलं की तपासणार कसं?

इतिहासाच्या माणसाला हे चटकन पटतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करताना किती घरांचे उंबरठे झिजवले! वाईला मिळालेल्या पानिपतच्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, असे बावीस खंड झाले. काही घरांनी दप्तरं उघडून दिली, काहींनी "आमच्या घराण्याची अब्रू" म्हणून बंद ठेवली, काही घरांतली वाळवीनं खाल्ली, काही वाण्याकडं पुड्या बांधायला गेली. राजवाडे आणि मेहेंदळे ह्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते ह्याचसाठी, की कागद कुणा एकाच्या फडताळात राहू नये.

पण न्यायानं बोलायचं तर दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जीवाश्मांचं शास्त्र जन्माला आलं तेच मुळी बाजारात. इंग्लंडमधल्या लाइम रेजिस गावातली मेरी ॲनिंग ही गरीब सुताराची मुलगी. समुद्राकाठच्या कड्यांतून जीवाश्म काढून विकायचे आणि त्यावर घर चालवायचं. १८११-१२ मध्ये तिनं आणि तिच्या भावानं इक्थिओसॉर काढला, तो २३ पौंडांना विकला. १८२३ मध्ये तिनं प्लेसिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा काढला. विकत घेणारा नसता तर ती कड्यांवर चढलीच नसती आणि ती हाडं समुद्रानं गिळली असती. आर्किओप्टेरिक्सचा लंडनमधला नमुनासुद्धा विकतचाच. हेबरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरकडं तो होता. रोग्यांकडं पैसे नसले की तो फी म्हणून जीवाश्म घेई. १८६२ साली ब्रिटिश म्युझियमनं त्याचा संग्रह ७०० पौंडांना घेतला. मुलीच्या हुंड्यासाठी त्यानं तो विकला, असं सांगतात.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर स्फटिकांचं देता येईल. जीवाश्म नव्हेत, पण नात्यातलेच. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा. त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, हुलँडाइट अशी खनिजं फुलासारखी फुललेली असतात. मुलांची सहल घेऊन अजिंठ्याला गेलो की पायथ्याशी विक्रेते हे चमचमणारे दगड हातात देऊन मागं लागायचे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात आहे. हे सगळं सापडतं कुठं? खडीसाठी सुरुंग लावलेल्या खाणींत. कामगारानं तो स्फटिक वेळीच बाजूला काढला नाही तर पुढचा टप्पा क्रशरचा. त्याची खडी होऊन रस्त्यात जाते. आमच्या पनवेल-उरणच्या डोंगरांची किती खडी झाली आणि तीत काय काय गेलं, देव जाणे. विकत घेणारा आहे म्हणून कामगाराचा हात थांबतो. सिन्नरला के. सी. पांडे ह्यांनी उभारलेलं गारगोटी संग्रहालय पाहा. खासगी माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं आहे आणि शाळेची मुलं तिथं जाऊन तोंडात बोट घालतात. मीही घातलं होतं.

तेव्हा संग्राहक म्हणजे चोर आणि सरकार म्हणजे साव, असं काही नाही. सरकारी कपाटाचीही एक गोष्ट आहे. १८२८ साली जबलपूरला कॅप्टन स्लीमन ह्यांना काही हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच स्लीमन. ती हाडं फिरत फिरत कलकत्त्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडं गेली. १८७७ साली लायडेकरनं त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. आणि पुढं हाडंच हरवली! कित्येक दशकं संशोधक नुसत्या चित्रांवर वाद घालत होते. २०१२ साली नागपूरचे धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातला मणका कलकत्त्याच्या त्याच कार्यालयाच्या संग्रहात पुन्हा सापडला. म्हणजे तो कुठं गेलाच नव्हता. कपाटातच होता! शाळेच्या डेब्रिजमध्ये गेलेला दगड मला आठवतो तो अशा वेळी. फरक एवढाच की सार्वजनिक कपाटातलं हरवलेलं कधीतरी सापडण्याची आशा असते.

आता आपल्या देशातली कायद्याची स्थिती. मंगोलियानं जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता ठरवली आहे. म्हणूनच २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघालेला टार्बोसॉरसचा सांगाडा अमेरिकेच्या सरकारनं अडवला आणि २०१३ मध्ये मंगोलियाला परत केला. हॉलिवुडचा नट निकोलस केज ह्यानं २००७ साली पावणेतीन लाख डॉलरला घेतलेली कवटीही अशीच पळवलेली निघाली आणि त्यानं ती परत दिली. ब्राझीलमध्ये १९४२ पासून कायदा आहे. त्यांचा एक डायनोसॉर जर्मनीतल्या संग्रहालयानं २०२३ साली परत केला.

आपल्याकडं १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, पण त्याचा रोख माणसानं घडवलेल्या वस्तूंवर, मूर्ती, नाणी, हस्तलिखितं ह्यांवर. निसर्गानं घडवलेल्या हाडांचं आणि अंड्यांचं नाव त्यात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयानं भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष ह्यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्यात जीवाश्म होते, खनिजं होती, उल्का होत्या. पण सगळे अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती एकवटतात, विद्यापीठांतल्या संशोधकांना दगड उचलायलाही परवानगी मागत फिरावं लागेल, असे आक्षेप अभ्यासकांनीच घेतले. पुढची काही वर्षं तो मसुदा मसुदाच राहिला. दरम्यान नांगर, क्रशर आणि बुलडोझर कुणाची परवानगी घ्यायला थांबत नाहीत.

आपल्या हातून काय निसटलं आहे ह्याची यादी करायची तर मुंबईपासूनच करता येईल. वरळीच्या टेकडीतल्या लाव्हाच्या थरांमध्ये गाळाचा एक थर होता. त्यात इटुकले बेडूक अश्मीभूत झालेले होते, शेकड्यांनी. १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन ह्यांनी त्यांना नाव दिलं. डायनोसॉर हा शब्द घडवणारे आणि आर्किओप्टेरिक्स विकत घ्यायला लावणारे तेच हे ओवेन. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथं आहे, त्यांनी विदर्भात गोळा केलेले जीवाश्मही लंडनला गेले. मांगलीच्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीला १८५५ साली नाव दिलं तेही ओवेननीच. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ नदीच्या पुरात बुडून वारले, एका उत्खननावरून परतताना. त्यांनी हे काही विकलं नाही, शास्त्रासाठीच पाठवलं. पण आज वरळीच्या मुलाला वरळीचा बेडूक बघायचा तर कुठं जावं? वरळीला आता थरावर थर आहेत ते सिमेंटचे.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. ओवेनचा बेडूक कुठला, मांगलीची कवटी कुठली, हे आज पावणेदोनशे वर्षांनीही सांगता येतं. पाठवणाऱ्यांनी चिठ्ठी लावली होती.

चिठ्ठी नसली की काय होतं ह्याचं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता ह्यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं शेकडो लेख लिहिले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट ह्यांनी 'नेचर'मध्ये जाहीर आरोप केला की ह्यातले कित्येक नमुने हिमालयातले नाहीतच. पॅरिसच्या दुकानात विकायला ठेवलेले मोरोक्कोचे जीवाश्म आणि हिमालयातले म्हणून सांगितलेले जीवाश्म हुबेहूब सारखे होते! त्या सगळ्या लेखांवर आधारलेला हिमालयाचा भूगर्भीय इतिहास संशयाच्या भोवऱ्यात सापडला. बाजारातला जीवाश्म अस्सल असू शकतो, पण तो कुठला म्हणून सांगायचा हे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनावर. खोट्या नाण्यापेक्षा हे वाईट. नाणं खरं आणि कथा खोटी!

हे सगळं वाचत असताना मला माझ्या आजीचं देवघर आठवलं. आमच्या देवात एक शाळिग्राम आहे. काळा, गुळगुळीत, आणि त्याला एक छिद्र. छिद्रातून पाहिलं तर आत चक्राच्या रेघा. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "हा केवढ्याला आणला?" तिनं माझ्या हातावर चापट मारली होती. "शाळिग्रामाची किंमत करू नये. विकू नये, विकत घेऊ नये. वडिलांनी मुलाला द्यावा." पुढं कळलं की धर्मग्रंथांतही शाळिग्रामाचं मोल करणाऱ्याला मोठं पाप सांगितलं आहे. आणि त्याहून पुढं, बीएच्या वर्षाला असताना कळलं की गंडकी नदीतला हा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, ज्युरासिक काळातल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. हिमालयाच्या जागी समुद्र होता त्याची साक्ष. तेव्हा माझी श्रद्धा डळमळेल असं मित्रांना वाटलं होतं. उलट ती साक्ष रोज आंघोळ घालून पुजली जाते ह्याचीच मला मौज वाटली.

जीवाश्म विकावेत की नाही हा वाद आपल्या घरात असा फार जुना आहे. आणि पळवाटही तितकीच जुनी. तीर्थाच्या ठिकाणी शाळिग्राम मिळतोच, फक्त पैशाला किंमत न म्हणता दक्षिणा म्हणायचं!

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, म्हणजे आपल्या पवारांच्या जुन्या संस्थानात, पाडल्या नावाच्या गावात लोक गोल दगडांना 'काकड भैरव' म्हणून शेतात पुजत. पिकाचं, गुराढोरांचं रक्षण करणारा देव. डिसेंबर २०२३ मध्ये बातमी आली की तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा ती डायनोसॉरची अंडी निघाली. त्याच भागात नर्मदेच्या खोऱ्यात डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा शोधनिबंध २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला होता. त्याच्या लेखकांत विशाल वर्मा हे शाळामास्तर आहेत, हे वाचून माझी छाती फुगली. ते काही म्युझियमवाले नाहीत. रविवार-सुट्टीचे रानोमाळ फिरणारे शिक्षक.

देव म्हणून जपलेली अंडी टिकली. आता ती अंडी आहेत हे सगळ्यांना कळलं, पुढं काय होईल? ज्याच्या शेतात ती आहेत त्याला आपण काय देणार आहोत? एका पावसाळ्यात पीक गेलं आणि दारात गाडीतून उतरलेल्या माणसानं पाच हजार पुढं केले, तर त्यानं "हा राष्ट्राचा ठेवा आहे" असं म्हणावं, ही अपेक्षा आपण पेन्शनवाल्यांनी पंख्याखाली बसून करणं सोपं आहे. मला विक्री नको वाटते. पण नुसती बंदी घातली तर तो शेतकरी अंडं विकणार नाही, गुपचूप फोडून टाकेल, की उगाच सरकारी लचांड नको. बंदी हवी असेल तर त्याच्याबरोबर शेतकऱ्याला बक्षीस हवं, त्याचं नाव पाटीवर हवं, आणि गावातच लहानसं का होईना संग्रहालय हवं. सिरोंचा तालुक्यात वडधमला वनखात्यानं जीवाश्म उद्यान केलं आहे, अश्मीभूत झाडांचे ओंडके आहेत तिथं. असं पिसदुऱ्याला का होऊ नये? आणि खाणीतल्या कामगारानं काही दाखवलं तर ते बघायला येणारा माणूस आठवड्याभरात आला पाहिजे. सुरुंग सहा महिने थांबत नाही.

आता माझ्या दगडाचं. नातवानं निघायच्या आदल्या रात्री पुन्हा विषय काढला. "आबा, मग ठरलं का? विकायचा?" मी म्हटलं, "अरे, तो माझा कुठंय? कुणाच्या तरी बांधावरचा आहे. बांधाचा मालक कोण तेही मी पुरात घालवलं."

मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मी आठवून सांगितलं आणि त्यानं लिहिलं. कोणी आणला, कोणत्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर. गाव बहुधा पिसदुरा. नाल्याचं नाव आठवत नाही. मूळ चिठ्ठी २६ जुलै २००५ रोजी गेली. तो म्हणाला, "आबा, 'बहुधा' काढून टाकू का? बरं दिसत नाही." मी म्हटलं, राहू दे. चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा, मार्क कापणार नाही.

चिठ्ठी ह्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दगडासकट बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे. माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला असतो, संक्रांतीला इकडं येणार आहे. डबा त्याच्याबरोबर तिथल्या भूगर्भशास्त्राच्या लोकांकडं पाठवीन. त्यांना शास्त्रासाठी त्याचा उपयोग नसला तर मुलांना हातात घेऊन बघायला ठेवावा, एवढंच सांगणार आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा एखादा दगड, शंख, दात, पान उमटलेली चीप असेल तर तेवढं आजच करा. कुठून आणला ते लिहून ठेवा. आजी-आजोबांना विचारा, ते आहेत तोवर.

लाईटबिलांवर सध्या अडकित्ता ठेवतो. हलका पडतो, पंखा लावला की कागद उडतात.